बाबा वाळूच्या टेकड्यांत दिसेनासे झाले तेव्हा

मंडळी, आम्ही आत्ताच वेल्सहून साउथहॅम्प्टनला घरी पोचलोय आणि मला स्वस्थ बसवत नाहीये.

सासूबाई गेल्यावर माझे सासरे, म्हणजे बाबा, पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेत. दिवसभर गप्प बसून असतात. म्हणून वीकेंडला त्यांना वेल्समधल्या पेम्ब्रोकशरच्या नॅशनल पार्कमध्ये नेलं. तिथे समुद्राकाठी वाळूच्या उंच टेकड्या आहेत, वर गुडघाभर गवत आणि भन्नाट वारा.

आज सकाळी निखिल, माझा नवरा, आम्हा दोघांना उतरवून कार पार्क करायला गेला होता. मी जॅकेटची चेन लावून वर बघते तर बाबा नाहीत! फोनला सिग्नल नाही. एक टेकडी चढावी तर पुढे तशीच दुसरी. हाका वाऱ्यात विरून जात होत्या. समुद्राकडे नजर गेली आणि मी धावतच सुटले.

शेवटी ते एका खळग्यात सापडले. वाळूत बसून हमसून हमसून रडत होते.

"अहो बाबा, किती शोधलं तुम्हाला!"

"सॉरी गं. घरी रडलो की निखिल घाबरून धावत येतो. मग मलाच त्याला समजवावं लागतं. इथे जरा मोकळेपणाने रडता आलं."

मी शेजारी बसले. उठताना ते म्हणाले, "त्याला नको सांगूस."

आता निखिल विचारतोय, "तू एवढी गप्प का?" काय सांगू त्याला? तुमच्याकडे मोठी माणसं रडायला कुठे जातात हो?