वरच्या धारेची वाट

उत्तरेतल्या एका बर्फाळ पोस्टवर आमची तुकडी सकाळी चढली. मी नायब सुभेदार, पोस्टचा कमांडर. आमच्याच रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीकडून ताबा घ्यायचा होता. सैन्यात याला हँडिंग-टेकिंग ओव्हर म्हणतात. जुना माणूस नव्याला हत्यारं, रेशन, रॉकेल मोजून देतो, सह्या होतात. खरं काम त्यानंतरचं. दोघं मिळून प्रत्येक वाट चालतात. जाताना जुना पुढे. येताना नवा पुढे आणि जुना मागून गप्प. नवा चुकला तरच त्यानं तोंड उघडायचं.

आमच्या वेळी ते चालणं झालंच नाही. वादळाची खबर आली आणि जुन्या तुकडीला ताबडतोब उतरण्याचा हुकूम झाला. पातेल्यांच्या झाकणांच्यासुद्धा सह्या झाल्या होत्या. त्यांच्या सुभेदारांनी हात मिळवला. "वाटा नकाशात आहेत. काळजी घ्या," म्हणाले आणि निघाले.

वादळ येऊन गेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज उभं राहणं, मग चहा, बर्फ उपसणं, सेंट्री ड्यूटी, असं आमचं रूटीन बसलं. खालच्या पोस्टकडे जाणारी वाट एका मोठ्या उताराखालून होती. आम्ही ती सकाळीच वापरायचो. टेलिफोनची लाइन नाईक सुनीलकडे होती. तो पुण्याचा. त्याची आई मंडईत पालेभाजी विकायची, आणि हा तारेची भेंडोळी मेथीच्या जुडीसारखी बांधायचा. थंडीचं विचारलं की म्हणायचा, "साहेब, मंडईतला आहे मी. घासाघीस केल्याशिवाय थंडीसुद्धा घेत नाही." माझा फार जीव होता त्याच्यावर.

एक दिवस जेवणानंतर लाइन बंद पडली. स्वच्छ ऊन होतं. सुनील एका जवानाला जोडीला घेऊन त्याच उताराखालच्या वाटेनं निघाला. थोड्या वेळानं रेडिओवर त्या जवानाचा आवाज आला. रेडिओवर आमच्या पोस्टचं नाव ब्राव्हो.

"ब्राव्हो, बर्फाचा अख्खा उतार खाली आला. सुनील दिसत नाही. ओव्हर."

"तू कुठे आहेस? ओव्हर."

"मी कडेला आहे. सुनील नाही. ओव्हर."

फावडी घेऊन आम्ही धावलो. त्या जागेची माहिती हवी म्हणून बेस कॅम्पवरून जुन्या सुभेदारांना रेडिओवर बोलावलं.

"दुपारी उताराखालून? उन्हानं बर्फ सुटतो तिथं. दुपारी तर वरच्या धारेनं जातात! ओव्हर."

"हे नकाशात नाही. ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर. मग ते म्हणाले, "नाही. सगळ्यांना माहीतच होतं. ओव्हर."

"आम्हाला नव्हतं. आउट."

अंधार पडायच्या आत सुनीलचा देह सापडला. भेंडोळं खांद्यावर तसंच होतं. सुभेदारांवर मला राग धरता आला नाही. त्यांनी काही लपवलं नव्हतं. रोजची गोष्ट ती. सांगायची असते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

आता मी कोथरूडला राहतो. माझी मुलगी मृणाल एका कंपनीत आहे. तिनं मला 'नॉलेज मॅनेजमेंट'वर चार शब्द बोलायला नेलं. त्यांचे एक जुने इंजिनिअर त्याच आठवड्यात निवृत्त होत होते. शाल आणली होती, केकची ऑर्डर गेली होती.

"आणि त्यांचं काम?" मी विचारलं.

"सगळं सर्व्हरवर आहे, सर," मॅनेजर म्हणाले.

"वा! म्हणजे शाल दिली की झालंच," मी म्हणालो. कानात ती खरखर सुरू झाली होती.

मग मी त्यांना सुनीलबद्दल सांगितलं. म्हणालो, संस्थेला जे माहीत असतं त्यातलं बरंचसं माणसांच्या सवयीत असतं, कागदावर नसतं. माणूस गेला की तेही जातं. ते गेलंय हे कळतं कधी, तर उतार खाली आल्यावर. या साहेबांना नव्या माणसाबरोबर काम करू द्या. मग नव्याला पुढे घाला आणि यांना मागे उभं करा. केक थांबेल.

रिक्षात मृणाल म्हणाली, "बाबा, हे तुम्ही घरी कधी बोलला नाहीत."

ती पोस्ट सोडताना मी नव्या तुकडीतल्या प्रत्येकाला दोन्ही वाटा चालवल्या होत्या. उतारासमोर थांबवून सुनीलचं सगळं सांगितलं होतं. पुढच्यांनाही असंच सांगा, असं बजावलं होतं.

परवा आमच्या सोसायटीतला एक जवान सुट्टीवर आला. पोस्टिंग त्याच पोस्टवर. मी सहज विचारलं, "दुपारी कुठून जाता रे?"

"वरच्या धारेनं, साहेब. दुपारी सुनीलखालून कुणी जात नाही."

"सुनील कोण?"

"त्या उताराचं नाव आहे, साहेब."

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. वाट टिकली होती, पोरं सुखरूप होती. पण डोळे भरून आले. मी त्याला बसवून घेतलं आणि मंडईपासून सांगायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी मंडईत गेलो. सुनीलच्या आई अजून गाळ्यावर बसतात. मेथी निवडता निवडता त्यांनी विचारलं, "तिकडं त्याची आठवण काढतात का हो कुणी?"

"रोज नाव घेतात, आई," मी म्हणालो.

त्यांनी जुडी घट्ट बांधली आणि माझ्या पिशवीत ठेवली.