सिगनलबाई

रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी सिस्टर सिग्ने आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करायच्या. ओसरीवर चटई टाकलेली असे. चटईवर त्या, स्वयंपाकीणबाई आणि दवाखान्याच्या आवारात राहणारी चार-पाच माणसं. नारू झालेला हिरामण, डोळे आलेली कोळ्याची पोर, बाळंतपणाला टेकलेली कुणीतरी, अशी एकेक नावं त्या सावकाश घेत. यादी संपली की क्षणभर थांबत आणि म्हणत, "आणि सुमन." मग आमेन. मी त्यांच्या धर्माची नव्हते, त्यामुळे चटईवर बसत नसे. आत स्टोव्हवर सुया उकळत ठेवून मी दाराशी उभी असायची. सुमन आजारी नव्हती. ती आमच्याच बाकावर मेली होती. ते नाव सात वर्षं, रोज सकाळी, मी उभ्याने ऐकलं.

सिस्टर नॉर्वेच्या. लुथरन पंथाच्या मिशनने त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. धुळ्याहून साक्रीकडे जाताना पांझरा नदीच्या काठी एक गाव लागतं, तिथे त्यांचा तीन खोल्यांचा दवाखाना. सिग्ने हे नाव गावाच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांची सिगनलबाई झाली. त्यांना याची फार गंमत वाटे. "बरोबर आहे," त्या म्हणत, "मी उभी राहिले की सगळे थांबतात." उंच, हाडापेराने दणकट, नाक उन्हाने कायम सोललेलं. पायात पुरुषी चपला आणि कमरेला एक मोठं घड्याळ पिनेने लटकवलेलं.

मी धुळ्याच्या एका शिंप्याची मुलगी. नर्सचा कोर्स करून नुकतीच बाहेर पडले होते. पहिल्या दिवशी मी दवाखान्यात शिरले तेव्हा सिस्टर एका म्हाताऱ्यासमोर वाकून म्हणत होत्या, "आपण कृपया जीभ बाहेर काढावी." म्हातारा नुसता बघत राहिला. मग त्या कडाडल्या, "काढ ना भो! बठ्ठी काढ!" आणि म्हाताऱ्याने हातभर जीभ बाहेर काढली. त्यांना मराठी शिकवलं होतं धुळ्याच्या एका सोवळ्या पंतोजींनी, आणि अहिराणी शिकवली होती रुग्णांनी. दोन्ही भाषा त्या एकाच वाक्यात वापरत.

काम सूर्य उगवायच्या आधी सुरू होई. विहिरीचं पाणी गाळायचं, सुया आणि चिमटे उकळायचे, खरजेचं मलम कालवायचं. नारूचा जंत काडीवर गुंडाळत रोज बोटभर बाहेर काढायचा, हे काम त्या दुसऱ्या कुणाला देत नसत. "घाई केली तर तुटतो," म्हणत. दुपारी भाकरीवर लोणी आणि साखर घालून खात. आम्हाला ते बघवत नसे. नॉर्वेतल्या घरून वर्षातून एकदा कॉफीचं पुडकं येई, त्यातली पहिली कपभर कॉफी पोस्टमनला. तो बिचारा देवाचं नाव घेऊन ती कडू कॉफी संपवायचा.

धर्मप्रसाराच्या बाबतीत मात्र त्यांच्या मिशनला त्यांचा काही उपयोग झाला असेल, असं मला वाटत नाही. एकदा एक तरुण बाप्तिस्मा घ्यायचा म्हणून आला. सिस्टरनी त्याला तासभर प्रश्न विचारले. शेवटी कळलं, त्याला मिशनच्या जीपवर ड्रायव्हर व्हायचं होतं. "नोकरी तशीच देते," त्या म्हणाल्या. "पोटासाठी देव बदलू नको. मग तो देवही तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही." तो अखेरपर्यंत जीप चालवत होता आणि दर मंगळवारी उपास करत होता.

एका बाबतीत मात्र त्या कठोर होत्या. पेनिसिलीन द्यायचं तर आधी हातावर थेंबभर टोचून बघायचं आणि अर्धा तास थांबायचं. गांधी उठली नाही तरच पुढचं इंजेक्शन. रुग्ण कुरकुरत, बस निघून जाईल म्हणत. सिस्टर कमरेचं घड्याळ वर धरत. "अर्धा तास म्हणजे अर्धा तास. हे घड्याळ माझं नाही, तुझं आहे." टोचून बघायचं काम माझं, इंजेक्शन द्यायचं त्यांचं.

मला तिथे लागून दोन वर्षं झाली असतील. त्या दिवशी मला जळगावला जायचं होतं. मेहरूणला माझी मावशी राहायची आणि संध्याकाळी तिच्या घरी मला बघायला माणसं येणार होती. एकची बस पकडली तरच धुळ्याहून पुढची गाडी मिळणार होती. मी सकाळपासून नवं पातळ पिशवीत घालून ठेवलं होतं. बाराच्या पुढे सुमन आली. वीस-एकवीस वर्षांची. पायात बाभळीचा काटा मोडून पाऊल सुजलं होतं. बरोबर सासू, जिजाआजी. आजींच्या कडेवर सुमनची दीड वर्षाची मुलगी. सिस्टरनी पाऊल साफ केलं आणि मला म्हणाल्या, "हिला पेनिसिलीन. टेस्ट कर."

मी तिला आतल्या बाकावर बसवलं. बाहेर अजून पाच-सहा माणसं होती. अर्धा तास धरला असता तर बस गेली असती. सुमन स्वतःच म्हणाली, "बाई, लवकर दे ना, घर काम पडेल शे." मी काही टोचलं नाही. थोड्या वेळाने, बाहेरच्या गर्दीत घड्याळ न बघताच, सिस्टर पिचकारी भरून आल्या आणि नेहमीसारखं विचारलं, "टेस्ट?"

"केली," मी म्हटलं. "काही नाही."

त्यांनी इंजेक्शन दिलं. मी हात धुवायला गेले. परत आले तेव्हा सुमन गळा खाजवत होती. म्हणाली, जीव घाबरतो. बघता बघता तिचे ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. सिस्टरनी उताऱ्याचं औषध टोचलं, तिला जमिनीवर घेतलं, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. त्यांचा घाम तिच्या कपाळावर पडत होता. दहा मिनिटांत सगळं संपलं. बाहेर ओसरीवर तिची मुलगी एका डबीचं झाकण वाजवत होती. मी एकची बस फाट्यावरून हॉर्न देत गेलेली ऐकली.

सिस्टर गुडघ्यावरून उठल्या नाहीत. तशाच बसून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "लीला, टेस्ट केली होती ना?"

"हो," मी म्हटलं.

सुमनचा नवरा शेतातून पळत आला. हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. मागे अर्धं गाव. "मनी बायको तू मारी टाकी!" तो ओरडला. सिस्टर पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. त्या म्हणू शकल्या असत्या की असं हजारात एखाद्याला होतं. ते खोटंही नव्हतं. त्या म्हणाल्या, "इंजेक्शन मी दिलं. माझ्या हातून गेली ती." त्याने दांडा उगारला. त्या मागे सरल्या नाहीत. जिजाआजींनीच मुलाचा हात धरला. मी दाराच्या आत होते. तेव्हा बाहेर यायला हवं होतं. मी आले नाही.

तीन आठवडे दवाखान्यात कुणी आलं नाही. सिस्टर रोज सकाळी दार उघडत आणि संध्याकाळपर्यंत रिकाम्या ओसरीवर बसत. मी सुया उकळत होते, त्यांचा उपयोग नव्हता. त्याच दिवसांत ते "आणि सुमन" सुरू झालं. चौथ्या आठवड्यात पहिलं माणूस आलं ते जिजाआजी. नात तापाने फणफणली होती. "पोर तपी गयी," त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "दुसरं कोठे जाऊ मी?" सिस्टरनी पोर घेतली आणि तीन दिवस मांडीवरून खाली ठेवली नाही.

पुढे दर शुक्रवारी, बाजार उठला की, त्या जिजाआजींच्या घरी जात. आधी आजी दार उघडत नसत. मग पाणी देऊ लागल्या. पुढे दोघी ओट्यावर बसून शेंगा फोडत, फारसं न बोलता. मीही कधी बरोबर असे. मुलगी मोठी होत होती. तिला आईचा चेहरा आठवणं शक्य नव्हतं, पण गळा खाजवायची तिची एक सवय होती, आणि ती तसं करायला लागली की मी उठून बाहेर जायची.

माझी स्थळं येत राहिली. मी एकेक करून नाही म्हणत गेले. बाबांनी कारण विचारलं, मला सांगता येईना. आतला बाक करकरला की मी वळून बघे. नोकरी सोडून जावं असं शंभरदा वाटलं. पण गेले असते तर सिस्टरनी "का?" असं विचारलं असतं, आणि त्या एका प्रश्नाला मी घाबरत होते. त्यांनी मात्र कधीच काही विचारलं नाही. उलट त्या दिवसानंतर प्रत्येक टेस्टला त्या स्वतः रुग्णाशेजारी अर्धा तास बसत. मला ते काम त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

दुष्काळाच्या वर्षात त्या फार खचल्या. खडी फोडायच्या कामांवर दिवसभर फिरून उष्माघाताची माणसं उचलायच्या, स्वतः काही खायच्या नाहीत. दुष्काळ सरला आणि त्यांच्या हृदयाने दगा दिला. जळगावच्या एका डॉक्टरांनी पंधरा दिवस ठेवून घेतलं आणि सांगितलं की आता मायदेशी जा. मी बरोबर होते. ज्या दिवशी मुंबईची गाडी होती, त्या दुपारी त्या म्हणाल्या, "मला कुठेतरी पाणी दाखव. आमचं घर पाण्याकाठी आहे." मी त्यांना टांग्याने मेहरूणच्या तलावावर नेलं.

काठाच्या दगडावर आम्ही बसलो. पलीकडे बायका धुणं आपटत होत्या. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"सिस्टर, सुमनची टेस्ट मी केली नव्हती."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसावा तसा फ्रॉकच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "हो," म्हणाल्या. "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तिचे दोन्ही हात मी पाहिले. टोचल्याची खूण नव्हती."

मला रडू यायला हवं होतं. राग आला. "मग बोलला का नाहीत? सात वर्षं रोज तिचं नाव माझ्या कानावर घालत राहिलात!"

"ते तुझ्यासाठी नव्हतं. सुई माझ्या हातात होती. हात आधी पाहिला असता तर ती जगली असती. मी नंतर पाहिला. मी लोकांसमोर दोष घेतला तेव्हा मला वाटलं, मी तुझ्यावर दया करते आहे. पण ते खरं नव्हतं, लीला. तू गेलीस तर दवाखाना बंद पडेल, याची मला भीती होती. दुसरी नर्स त्या गावात आली नसती. दवाखाना राहावा म्हणून मी गप्प बसले, आणि तुला त्या खोटेपणात एकटीला ठेवलं. मला क्षमा कर."

ज्या बाईसमोर मी गुन्हेगार होते, ती माझ्याकडे क्षमा मागत होती. त्या माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मी पलीकडच्या धुण्याकडे बघत राहिले. मग टांगेवाल्याने हाक मारली. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेत त्या एवढंच म्हणाल्या, "जिजाआजींना कोण सांगणार?"

गाडीत त्यांनी खिडकीतून हात हलवला. मी हलवला. तीच शेवटची भेट.

पुढच्या आठवड्यात मी जिजाआजींच्या घरी गेले. आजी एकट्या होत्या, सुपात ज्वारी पाखडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बसले असते तर धीर गेला असता. आजींनी सूप खाली ठेवलं. आधी वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही.

"कोठे जानं व्हतं तुले एवढी घाईमा?" त्यांनी विचारलं.

"जळगावला. मला बघायला येणार होते."

"मंग? व्हयनं का लगीन?"

"नाही."

त्या ओरडतील, मारतील, असं मला वाटलं. मला ते हवंही होतं. त्या भिंतीला हात टेकत उठल्या. देवळीतले देव काळवंडले होते, त्यांच्यापुढे कधीपासून वात लागली नव्हती.

"सात वरीस मी देवसंगे भांडनी," त्या म्हणाल्या. "त्याना दिवा लावा नही. जाय आते तू. माले देवनी माफी मांगनी शे."

मी ओट्यावरून उतरले तेव्हा त्या आत काडेपेटी शोधत होत्या.

हे सगळं मी सिस्टरना मराठीतूनच लिहिलं. आमच्यात दुसरी भाषा कधी नव्हती. महिन्या-दीड महिन्याने नॉर्वेचं पाकीट आलं. अक्षर त्यांचं नव्हतं. त्यांच्या भाचीने सोप्या इंग्रजीत कळवलं होतं की मावशी झोपेतच गेल्या, आणि माझं पत्र दफनानंतर चार दिवसांनी पोचलं. पुढे लिहिलं होतं, "ही लिपी आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नाही. पत्र तुम्हाला परत पाठवू, की त्यांच्या बायबलमध्ये ठेवू?"

आठ दिवस मी उत्तर दिलं नाही. मग कळवलं, बायबलमध्येच असू द्या. त्या पत्रात जिजाआजींची सगळी हकीकत होती. आणि शेवटी, मेहरूणच्या काठावर त्या ज्याची वाट बघत थांबल्या होत्या, ते उत्तर एका ओळीत होतं.