या म्हटल्याशिवाय न येणारा

लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेनासं झालं, तेव्हापासून आमच्या मळ्यातलं वाचन दिवस मावळायच्या आत उरकावं लागे. अमरावतीहून भातकुलीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचा मळा होता. मोगरा, शेवंती, मागच्या अंगाला थोडी संत्र्याची झाडं. दुपार कलली की कळ्या तोडायच्या आणि दिसतंय तोवर ओवायच्या, कारण पहाटे बाप टोपल्या घेऊन शहरात जायचा. ओवायला माय, शेजारच्या मळ्यातली काकू आणि माझी मावशी बसत. मी मराठी चौथी पास झालेली होते, म्हणून माझ्या हातात सुईऐवजी पुस्तक देत.

ते पुस्तक बापानं पुड्या बांधायला म्हणून रद्दीत आणलं होतं. त्याला पुठ्ठा नव्हता, नाव नव्हतं, कोणी लिहिलं तेही कळायला मार्ग नव्हता. गोष्ट एका गढीच्या सरदाराची होती. तो फार वर्षांपूर्वी मेलेला, पण म्हातारा न झालेला. दिवस बुडाला की तो एका मुलीच्या खिडकीखाली येऊन उभा राही. तिच्या गळ्यातलं रक्त हेच त्याचं अन्न. पण ती आपल्या तोंडानं 'या' म्हणेपर्यंत त्याला उंबरा ओलांडता येत नसे.

"रक्त पेणारा मेला, अन् तुमाले त्याची दया येऊन राहिली!" माय म्हणायची.

"मेला त आहेच नं तो," काकू म्हणाली. मग सुईत धागा ओवता ओवता पुढे म्हणाली, "पन इचारून येते, बाप्पा. आमचे मालक कधी इचारून नाही आले."

दोघी हसल्या. मावशी हसली नाही. ती म्हणाली, "वाच पुढं."

मावशी मायची धाकटी बहीण. तिचा नवरा बाळापूरला कापसाच्या जिनात सरकी काढायच्या कामाला होता. लग्नाला वर्ष होत आलं असेल नसेल, तो पटकीनं गेला. सासरी कोणी उरलं नव्हतं, म्हणून बापानं तिला आमच्याकडे आणलं. आमच्या लोकांत विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं. मायनं एकदोन ठिकाणी शब्द टाकून ठेवला होता. मावशी त्यावर हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. तिच्याशी कोणी वाईट वागत नसे. पण तिच्याकडून कोणाला काही हवंही नसे. फुलं ओवली तरी बरं, नाही ओवली तरी माय ओवून टाकी.

पुस्तकाच्या शेवटी ती मुलगी सरदाराबरोबर जाते. सकाळी आईबापांना फक्त उघडी खिडकी दिसते. ते वाचताना अक्षरं दिसेनाशी झाली होती. मी जवळजवळ अंदाजानं वाचत होते. काकूनं पदरानं नाक पुसलं. मावशीनं विचारलं, "थे भ्याली काय जाताना?"

"तसं लिहिलं नाही," मी म्हटलं.

त्यानंतर काही दिवसांची गोष्ट. तिन्हीसांज झाली होती. माय आणि काकू विहिरीवर टोपल्यांवर पाणी शिंपडायला गेल्या होत्या. मी पुढच्या ओसरीत उरलेला धागा गुंडाळत होते. मावशी आत चटईवर होती. ती उठली, पदर नीट केला आणि मागच्या दारातून बाहेर पाहून म्हणाली, "या."

मी वळून पाहिलं. बाहेर संत्र्याची झाडं होती, दुसरं काही नव्हतं. पण मागच्या उंबऱ्यावर आडवं पडलेलं आमचं कुत्रं उठलं. शेपूट पोटाशी घेऊन ते बाजूला सरकलं, जसं बापाला वाट द्यायला सरके तसं, आणि थोड्या वेळानं पुन्हा जागेवर येऊन पडलं. मग मोगऱ्याच्या त्या दाट वासातून सरकीचा तेलकट वास आला. आमच्या घरी सरकी नव्हती. बैलांना आम्ही कडबाच घालत होतो.

"कोण आलं, मावशी?"

"कोनी नाही. तू धागा गुंडाळ."

पुढे रोज ती ओवायला बसली की आपल्या उजव्या हाताला चटई मोकळी सोडे. काकू एकदा चुकून तिथं बसली आणि लगेच उठली. "ओल हाये काय इथं?" म्हणाली. ओल नव्हती. मावशी अंगानं उतरत चालली होती, ओठ पांढरे पडले होते. पण चेहऱ्यावर एक टवटवी आली होती, आणि तिचीच मला जास्त भीती वाटे. ज्याची कोणीतरी वाट पाहतंय अशा माणसासारखी ती कामं भराभर आटपायची.

एकदा नहाण्याच्या दिवशी मायनं तिचे केस धुवायला घेतले आणि तिला मावशीच्या कानाखाली, मानेवर, लाल ठिपके दिसले. काही सुकलेले, काही ताजे. मी पाणी ओतत होते. मायचा हात थांबला.

"तो येते काय, बाळापूरचा?" मायनं हळूच विचारलं.

"येते."

"काय करते?"

"बसते. मी ओवतो, तो पाह्यते."

"अन् हे?"

"हे सुईचं," मावशी म्हणाली. "तो नाही मांगत, बाई. मीच देतो. इतका दूरून येते, त्याले काय देऊ मी? दुसरं काय हाये माह्यापाशी?"

माय रागावेल असं मला वाटलं. तिनं फक्त मानेवर हळद लावली आणि ओल्या केसांसकट मावशीला धरून बसून राहिली. त्या दिवसापासून सुया माय आपल्या कनवटीला ठेवू लागली, आणि जिथं शब्द टाकला होता त्या तेल्हाऱ्याच्या माणसाला बोलवायला तिनं बापाला सांगितलं.

तो भर उन्हात आला. तोही बिजवर होता. स्वतःचा कापूस, स्वतःची गाडी, कपाळावर घाम. पाणी द्यायला मावशी स्वतः आली आणि तिथंच उभी राहिली.

"एक सांगू काय तुमाले?"

"सांगा नं."

"माहा पहिला येते. दिवेलागनीले."

बाप खाकरला. मायनं डोळे मिटले. त्या माणसानं लोटा खाली ठेवला.

"काही मांगते काय?"

"नाही. बोलावलं तरच येते."

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "माही बी हाये," तो म्हणाला. "चुलीपाशी बसते. भाकर करपली का हासते. मले आईकू येते."

"तिले कोन बोलावते?"

"कोनी नाही. थे गेलीच नाही."

मावशीनं तेव्हा पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "तेल्हाऱ्याकडं पानी खारं हाये म्हनतात," ती म्हणाली.

"खारंच हाये. पन प्यायच्या पान्याची इहीर येगळी हाये."

एवढंच बोलणं झालं. पहिल्या नवऱ्याच्या नावाचा चांदीचा टाक, मेलेल्याची आठवण म्हणून घालतात तो, गळ्यात घालून तिचा पाट लागला आणि ती गाडीत बसून तेल्हाऱ्याला गेली.

पुढे मी लग्न होऊन अकोल्याला आले. तिथल्या वाचनालयात तसल्या कादंबऱ्या पुष्कळ मिळत. शिकलेले लोक त्यांना नावं ठेवत आणि त्यांच्याच बायका त्या वाचून पानं मऊ करून टाकत. मी कधी हसले नाही. आपल्यावाचून उपाशी राहील असं कोणीतरी असावं, आणि तरीही त्यानं दाराबाहेर थांबून विचारावं, एवढ्यासाठी बाई मेलेल्यालाही आत घेते. मी ते पाहिलं होतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत एकदा मी तेल्हाऱ्याला गेले. मावशी अंगानं भरली होती, पाठीशी लेकरू होतं. भाकरी थापता थापता मी विचारलं नसतानाच तिनं सांगितलं, "हे पोट्टं झालं अन् तो यायचा बंद झाला. म्या लय हाका मारल्या. जेवन गेलं नाही मले. मंग ह्यायनं बी माह्यासंगं बसून हाका मारल्या."

"आणि त्यांची पहिली?"

"थे हाये नं," ती म्हणाली. "तिचं अन् माहं बरं जमते."

मी पाट ओढून चुलीजवळ बसायला गेले. मावशीनं पिठाचा हात माझ्यापुढे आडवा धरला. "तिथं नको बसू, पोरी. इकडं बस."

मी सरकून भिंतीपाशी बसले, आणि तिनं मला गरम भाकर वाढली.