कपाट आवरलं त्याची गोष्ट

पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. ही खोड मी पुण्याहून बंगळूरला सोबतच आणली. साठच्या दशकात इथल्या एका संशोधन संस्थेच्या संगणक विभागात मी नोकरीला होते. तेव्हा प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे. नेहमी लागणाऱ्या गणितांचे गठ्ठे एका कपाटात असत आणि कपाटावर पाटी होती, 'फक्त विभागाच्या वापरासाठी'. त्यातला एक गठ्ठा विभागातल्या कुणीही वर्षभर स्वतःच्या कामासाठी मागितला नव्हता. मी महिनाभर कपाटावर 'हा गठ्ठा कुणाला हवा आहे का?' अशी चिठ्ठी लावली. कुणी हूं की चूं केलं नाही, म्हणून तो सरळ घरी नेला. रद्दी कार्डं घरी नेण्याचा आमच्याकडे रिवाजच होता. पाठीवर वाणसामानाची यादी फार छान लिहिता येते. उरलेली कार्डं शेजारणींना वाटली.

पुढच्याच आठवड्यात बेळगावकडचा एक शेतकी संशोधक दारात उभा. भुईमुगावर प्रबंध लिहीत होता. तो आपली कार्डं पोस्टानं पाठवायचा आणि आमचा ऑपरेटर त्यांत कपाटातला तो गठ्ठा घालून यंत्राला द्यायचा. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं; चिठ्ठी साहेबलोकांसाठी आहे असं समजून ऑपरेटरही बोलला नव्हता. आता गठ्ठा नाही, म्हणून त्याचं काम अडलं होतं. आणि शनिवारी प्रबंध दिला नाही तर त्याची नोकरी कायम होणार नव्हती. तो रागावला नाही, त्यामुळे मीच जास्त चिडले.

"पाटी वाचली नाहीत का?"

"पाटी मी कवा बघणार, बाई? माझी कार्डं येतात, मी कुठं येतो?"

दुपारपर्यंत मी तेच गणित नव्यानं लिहून दिलं. उत्तरं तिसऱ्या दशांशाला वेगळी आली. त्याचे निम्मे तक्ते जुन्या गठ्ठ्यावर काढून टाइपही झाले होते. जुना गठ्ठा लिहिणारे साहेब परदेशी, आणि कागदावर काहीच नाही.

मग तोच गठ्ठा गोळा करायला आम्ही दोघं माझ्या बसवनगुडीतल्या गल्लीत दारोदार. एक कार्ड वाण्याच्या तारेला टोचलेलं, एक डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली. शेजारची अक्का मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरची. ती चकलीचं कार्ड सोडेना.

"स्वल्प थांबा, प्रमाण उतरून घेते. भाजणी बिघडली तर तुमचं यंत्र येतंय काय तळायला?"

थांबलो. कार्डांवर क्रमांक होते हे नशीब. दुमडलेलं कार्ड भोकं पाहून पुन्हा पाडलं. यंत्राला शाई दिसत नाही, त्यामुळे चकली, धोब्याचा हिशेब आणि एक अर्धवट पत्र यांसकट शुक्रवारी दुपारी गठ्ठा चालला. तिसरा दशांश जुळला.

त्यानं प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तुमच्यामागनं कुणी परत कपाट आवरलं तर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गेल्यावर वही घेऊन बसले आणि ऑपरेटरला विचारलं, बाहेरचं कोण कोण आपले गठ्ठे वापरतं? तो सांगत गेला. धरणवाले, हवामानवाले, म्हैसूरचे एक मास्तर. वही संपली तरी त्याचं सांगणं संपेना. त्यानंतर मी ते कपाट फक्त बाहेरून पुसलं.