होडीत झोपलेल्या मुलीचं चित्र

नोकरीतले बरेचसे गुन्हे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हेही चुकतं. एका चित्राच्या चोरीचा तपास मात्र दिवसवार लक्षात आहे. शुक्रवारी दुपारी चोरी झाली, शनिवारी मुद्देमाल मिळाला आणि रविवारी जे पाहिलं तसं पुन्हा कधी पाहायला मिळालं नाही.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी डोंबिवलीच्या बाजूला एका पोलीस स्टेशनला फौजदार होतो. थंडीचे दिवस. कर्णबधिर मुलांच्या एका शाळेला नवे वर्ग बांधायचे होते, म्हणून लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढणारे वीस-बावीस चित्रकार एकत्र आले होते. कोणी ठाण्याचे, कोणी कल्याणचे, काही मुंबईचे. प्रत्येकाने आपल्या जुन्या पुस्तकातलं एकेक मूळ चित्र शाळेला दान केलं होतं. तीन दिवस प्रदर्शन आणि रविवारी सकाळी लिलाव, असा बेत होता. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास शाळेच्या मुख्याध्यापिका स्टेशनला आल्या. भिंतीवरचं एक चित्र नाहीसं झालं होतं.

मी एक हवालदार आणि दोन पंच घेऊन सभागृहात गेलो. पंचनाम्यासाठी आत पाऊल टाकलं आणि क्षणभर कशासाठी आलो तेच विसरलो. चारही भिंतींवर एक वेगळंच गाव वसलेलं होतं. एका विहिरीत मुलं चंद्राला आंघोळ घालत होती. हत्ती छत्रीखाली मावत नव्हता, म्हणून मुंग्यांनी दुसरी छत्री धरली होती. ढगावर एक घर होतं आणि त्याच्या दोरीवर कपडे वाळत होते. खिडक्यांतून उतरतं ऊन त्या रंगांवर पडलं होतं. माझा हवालदार अलिबागकडचा, वीस वर्षं नोकरी झालेला. तो टोपी काखेत धरून एका चष्मेवाल्या कावळ्यासमोर उभा होता आणि हसत होता.

रिकाम्या जागेवर खिळ्याला सुतळीचा तुकडा लोंबत होता. सुतळी एका घावात कापलेली. खाली स्टुलावर एक चमकणारी टिकली पडली होती. चित्राची चमकी असेल म्हणून मी ती कागदाच्या पुडीत ठेवली आणि पंचनाम्यात तसं लिहिलं.

गेलेलं चित्र एका बाईंचं होतं. पन्नाशीच्या, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या. त्यांनी त्याचं वर्णन दिलं.

"खाडी आहे. होडीत एक मुलगी झोपली आहे आणि तिच्या वरून आभाळातून मासे पोहत चालले आहेत. मुलगी खरी आहे बरं का. खाडीवर स्केचिंगला जायचे तेव्हा ती तशीच होडीत झोपलेली असायची. मी चेहरा समोर बसून काढलाय. बाहेर भिंतीवरच्या पोस्टरवरही हेच चित्र छापलंय."

"किंमत किती लावायची?" मी फिर्यादीसाठी विचारलं.

"ते तुम्हीच लिहा," त्या म्हणाल्या. "मला नाही सांगता येणार."

शनिवारी सकाळी स्टेशनला निनावी फोन आला. सभागृहाचा रखवालदार काल दुपारी कागदात गुंडाळलेलं काहीतरी चपटं घेऊन रिक्षाने जाताना दिसला, एवढं सांगून समोरच्याने फोन ठेवला. मी रखवालदाराला आणवलं. पन्नाशीचा, किरकोळ माणूस. "काल दुपारी कुठे होतास?" या प्रश्नाला त्याने तीनदा एकच उत्तर दिलं, "साहेब, मी जागचा हललो नाही." तो खोटं बोलतोय हे कळत होतं. खोटं बोलणारा माणूस गुन्हेगारच असतो, असं तेव्हा मला वाटायचं. दोन तास मी त्याला बाकावर बसवून उलटसुलट विचारलं. हात लावला नाही, पण आवाज चढवला. शेवटी तो रडायला लागला. दुपारी जेवणाच्या वेळी प्रदर्शन बंद असताना बायकोच्या छातीचा एक्स-रे डॉक्टरला दाखवायला तो तासभर गेला होता. दार नुसतं लोटून गेला होता आणि ते कळलं तर नोकरी जाईल, ही त्याची भीती होती. दवाखान्यात फोन केला. वेळ जुळली.

त्याला घरी पाठवलं आणि मी पुडी उघडून बसलो. हवालदाराने ती टिकली नखावर घेतली, नाकाशी नेली.

"साहेब, ही चमकी नाही. खवला आहे. जिताड्याचा असेल, एवढा मोठा दुसऱ्या कशाचा असणार? आणि सुतळी बघा ना. कोळणीच्या कोयत्याशिवाय अशी कापली जात नाही."

आम्ही मासळी बाजारात गेलो. हवालदाराने बायकांशी आधी मासळीचा भाव केला, मग गप्पा केल्या, मग विचारलं. दारोदार मासळी घेऊन जाणारी एक बाई आज आली नव्हती. काल दुपारी तिने अर्धी पाटी शेजारणीच्या हवाली केली होती आणि काही न बोलता निघून गेली होती.

तिचं गाव पश्चिमेला, खाडीच्या काठी. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी लागलेली होती. पाणी दूर गेलेलं, होड्या चिखलात कलंडलेल्या, आणि सगळीकडे अशी शांतता की बगळा चिखलातून पाय काढायचा तोही आवाज ऐकू येत होता. ऊन धुरकट होतं. पलीकडचा काठ आहे की नाही ते कळत नव्हतं. त्या बाईच्या दाराला कडी होती. शेजारची म्हातारी जाळं सांधत होती.

"ती ठान्याला गेली," म्हातारी म्हणाली. "मोठ्या सायबाकरं. पोरीचा चित्र घेऊन."

"कुठली पोर?"

"तिचीच. तीन वर्सं झाली, कल्यानच्या बाजारात हरवली. मुकी पोर. कोनाला काय सांगनार ती?"

आम्ही जीप ठाण्याकडे वळवली. पोलिसांच्या वरिष्ठ कार्यालयाच्या व्हरांड्यात, बाकाच्या टोकाला ती बसली होती. चाळिशीची, नाकात नथ, मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं चित्र. सकाळपासून तिला कोणी आत सोडलं नव्हतं. आम्ही समोर उभे राहिलो. पळून जाणं सोडाच, ती उठलीही नाही. माझ्याकडे निरखून पाहिलं आणि लुगड्याची गाठ सोडायला लागली.

"तुमीच ना ते? बरा झाला भेटलाव. तुमीच बोललेले, फोटो आन मंग बघतो. आमच्याकरं कुठला फोटो? आता आनलाय. बघा."

मला ती आठवत नव्हती. तीन वर्षांपूर्वी मी आमच्या स्टेशनला नुकता रुजू झालो होतो. दिवसाला दहा माणसं येत. फोटो घेऊन या, असं मी अनेकांना सांगितलं असेल. त्या संध्याकाळी मी मिसिंग रजिस्टर काढून तो महिना पानापानाने पाहिला. मुलीची नोंदच नव्हती. फोटो आल्यावर लिहू म्हणून मी ती घेतलीच नव्हती.

व्हरांड्यात मात्र मी फक्त एवढंच विचारलं, "मावशी, चोरलं कशाला? मागितलं असतं तर दिलं असतं त्यांनी."

"मला काय ठाव चोरी? मासली देऊन चाललेली. भिंतीला मोठा कागद लावलेला, त्यावं माजी पोर. आत गेली, कोनीच नव्हता. समोर माजी पोर निजलेली. मी घेतली. पोर आपली आसली तर उचलून घेताव ना सायेब?"

 मी चित्र पुन्हा लुगड्यात गुंडाळलं आणि तिला घेऊन आत गेलो.

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, अटक नको, जबाब घे, चित्र ओळख पटवून जप्त कर, आणि आधी त्या मुलीची नोंद घे. नोंद घेताना मी अडलो. चित्र ती हरवायच्या वर्षभर आधीचं, त्यातली मुलगी आठ-नऊ वर्षांची, डोळे मिटलेले. आता ती बारा-तेरा वर्षांची असणार. या चित्रावरून तिला कोण ओळखणार?

रविवारी सकाळी आम्ही चित्र ओळखीसाठी सभागृहात नेलं. मावशीही बरोबर होती. लिलावाला लोक जमायला लागले होते. चित्रकार बाईंना मी बाजूला घेऊन हकिगत सांगितली. 

"ती तीन वर्षं बेपत्ता आहे आणि मी तिला दर प्रदर्शनात टांगत होते," त्या म्हणाल्या. मग हॉलच्या मध्ये जाऊन त्यांनी बाकीच्या चित्रकारांना हाक मारली.

पुढचा तासभर लिलाव थांबला. एका खुर्चीवर मावशीला बसवलं आणि तिच्याभोवती ती बावीस माणसं वह्या घेऊन जमिनीवर बसली. कोणी पांढऱ्या केसांचे, कोणी कॉलेजातून नुकते बाहेर पडलेले. बाईंनी विचारलं, "डोळे उघडले की कशी दिसायची?"

मावशी डोळे मिटून सांगायला लागली. डावी भुवई मधे तुटलेली, लहानपणी गळ लागला होता. हसली की एकच गाल आत जायचा. कपाळ बापासारखं. केस पुढे येतात ते फुंकर मारून वर उडवते. कोणी विचारलं, "तुमची मोठी मुलगी आहे का? तेराव्या वर्षी ती कशी दिसायची?" मावशीने थोरलीचं वर्णन केलं, त्यावरून हनुवटी लांबली, गाल उतरले. पेन्सिली सरसरत होत्या. लिलावाला आलेले लोक भिंतीला टेकून पाहत उभे होते. एकेक जण उठून वही मावशीसमोर धरायचा. ती बोटाने सांगायची, नाक थोडं आखूड, कान मोठे. त्या बावीस कागदांतून एक मुलगी हळूहळू मोठी होत होती. शेवटी एका तरुण चित्रकाराने वही पुढे केली तेव्हा मावशीने तो कागद धरला आणि सोडेना.

त्याच कागदावरून इतरांनी हाताने नकला काढल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, ऐकू न येणारं मूल सापडलं की बालगृहातून पुढे निवासी शाळेत पाठवतात. अशा शाळांचे पत्ते त्यांच्याकडे होते. सोमवारी सगळी चित्रं पोस्टाने गेली. बिनतारी संदेशही पाठवले. त्यात फक्त मजकूर जातो: वय, वर्ण, उंची.

अठराव्या दिवशी नाशिककडच्या एका शाळेचं पत्र आलं. तीन वर्षांपूर्वी मनमाड रेल्वे स्टेशनवर सापडलेली एक मुलगी त्यांच्याकडे होती. भुवई तुटलेली.

मी, मावशी आणि एक महिला हवालदार गेलो. जुनी इमारत, वरचा मजला लाकडी फळ्यांचा. लांबट खोलीच्या दुसऱ्या टोकाला सात-आठ मुली पाठमोऱ्या बसून कागदाची फुलं करत होत्या. मावशी दारात थांबली. मला वाटलं, ती धावेल किंवा रडेल. तिने उजवा पाय उचलला आणि फळीवर दोनदा आपटला.

सगळ्याच मुलींना हादरा कळला असणार. वळली एकच. हातातलं फूल तसंच धरून ती आईकडे पाहत राहिली, मग फुंकर मारून कपाळावरचे केस वर उडवले.

होडीत आई तिला अशीच पाय आपटून हाक मारायची, हे मला परतीच्या वाटेवर कळलं.

चोरीच्या गुन्ह्यात अप्रामाणिक हेतू दिसत नाही म्हणून मी सी समरीचा, म्हणजे गुन्हा गैरसमजातून नोंदला गेल्याचा, अहवाल पाठवला आणि कोर्टाने तो मंजूर केला. चित्र बाईंच्या ताब्यात आलं तेव्हा त्या ते घेऊन स्वतः खाडीवर गेल्या. मी बरोबर होतो. मावशीने चित्र पाहिलं आणि परत त्यांच्या हातात दिलं.

"आता पोर घरात हाय," ती म्हणाली. "तुमी त्या शालेला द्या. आमचीपन आता तिथंच जाते ना."

पुढच्या वर्षीच्या लिलावात ते चित्र पुन्हा मांडलं गेलं आणि कोणीतरी घेतलं. कोणी घेतलं ते मी विचारलं नाही.

रखवालदाराची नोकरी टिकली. त्या शनिवारी मी त्याच्यावर जो आवाज चढवला, त्याबद्दल त्याच्याशी बोलायला मला दोन महिने लागले. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब." ते ऐकून मला बरं वाटलं नाही.

या तपासात माझी हुशारी काही नव्हती. खवला हवालदाराने ओळखला, चेहरा चित्रकारांनी काढला, पत्ते मुख्याध्यापिकांनी दिले. माझ्या वाट्याला एकच गोष्ट आली होती, ती तीन वर्षांपूर्वी. समोर उभ्या आईकडे सगळं वर्णन तयार होतं आणि मी तिच्याकडे कागद मागितला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलासमोर फोटो नसलेलं कोणी आलं की मी खुर्ची पुढे करायचो आणि म्हणायचो, सांगा, कसा दिसतो. माझ्या मिसिंगच्या नोंदी लांबलचक असतात म्हणून सहकारी हसायचे. बरेचसे लोक सापडले नाहीत, हेही खरं आहे. कोपरीच्या एका बाईने मुलाचं वर्णन सांगताना शेवटी म्हटलं होतं, "आणि साहेब, तो झोपेत हसतो." बिनतारी संदेशात असलं काही घालता येत नाही. मी ते रजिस्टरमध्ये लिहून घेतलं.