मास्तरांची कुकीची फाईल
आमच्या ऑफिसात मास्तर म्हणजे एक प्रस्थ. शाळेत कधी शिकवलं नाही त्यांनी, पण दुसऱ्याच्या कामात चुका काढायची हौस दांडगी. वय बावन्न, चष्मा कपाळावर, आणि चष्मा कुठे गेला म्हणून दिवसातून दोनदा आरडाओरडा.

आम्ही आजारी माणसांचं सामान विकणाऱ्या दुकानाची वेबसाइट सांभाळतो. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, असलं सगळं. गिऱ्हाइकानं काय नि किती निवडलं, ते त्याच्याच ब्राउझरमध्ये कुकीत लिहून ठेवायचं. ब्राउझरकडचं काम माझं, सर्व्हरकडचं मास्तरांचं. आता कुकीची गंमत अशी, की तिला फक्त अक्षरं कळतात. आकडा ठेवा, तारीख ठेवा, परत देताना बाई अक्षरंच देणार. म्हणून मास्तरांनी एक फाईल केली होती. कुठली कुकी आकडा, कुठली तारीख, कुठली हो-नाही, सगळं तिच्यात. दोघांनीही कुकी वाचायची-लिहायची ती त्या फाईलमधूनच. आकड्याच्या जागी भलतं काही घातलं, की प्रोग्राम लिहितानाच लाल रेघ! मेलं एवढंसं बटण करायला माझा अर्धा दिवस जायचा.

काम लांबतं म्हणून साहेबही वैतागलेले. शेवटी त्यांनी मास्तरांना सगळ्यांदेखत बजावलं, "एवढा वेळ खाऊनही कुकीत काही घोळ झाला, तर दुसरी नोकरी बघा."

आणि मी काय करावं? शुक्रवारी घरी जायची घाई, म्हणून फाईलला बगल देऊन कुकी थेट वाचली. कुणी एक खुर्ची घेऊन आणखी एक मागितली, की बेरीज व्हायच्या ऐवजी एकापुढे एक चिकटायचा आणि व्हायच्या अकरा! तपासून बघायची तसदी कोण घेतो?

सोमवारी साहेबांच्या सख्ख्या आत्याच्या दारात अकरा खुर्च्या उतरल्या. जिना बंद. शेजारचे आजोबा त्यातल्या एकीत बसून पेपर वाचायला लागले, ते उठायलाच तयार नाहीत. आत्याबाईंनी फोनवर भाच्याची अशी बिनपाण्याने हजामत केली, की बंद दाराबाहेर आम्हाला ऐकू येत होतं.

"मास्तर, आत या!"

मास्तर गेले, दार उघडंच राहिलं. "तुमच्या फाईलनं वाट लावली ना शेवटी?" साहेब कडाडले. मास्तर कपाळावरचा चष्मा काढून पुसायला लागले. मी गप्प राहिले असते तर सुटले असते हो, खोटं कशाला बोलू! पण राहवेना. गेले तशीच आत.

"साहेब, मी केलं ते. फाईल वापरलीच नाही मी."

साहेब मास्तरांकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"सकाळीच पाहिलं."

"मग तोंड का नाही उघडलंत?"

"हिला नोकरी लागून चारच महिने झालेत," मास्तर म्हणाले. "मला काय, मिळेल दुसरी."

बावन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी, डोंबलाची! साहेब खाली बघत राहिले आणि पुटपुटले, "जा, दोघंही कामाला लागा." मास्तर निघाले. मी मात्र तिथेच उभी राहून ढसाढसा रडले.