टीव्ही बघायला आलेल्या नलूमावशी

नलूमावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. त्यांच्या मुलीचा, मेधाचा फोन. "निखिलदादा, आई सकाळी उठलीच नाही..." या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

मावशी मूळच्या सांगलीच्या. लग्नानंतर इथे अमेरिकेत, ट्रॉयला आल्या आणि गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक भाग तपासणाऱ्या एका लॅबमध्ये निवृत्त होईपर्यंत राबल्या. नंतर त्यांनी स्वतःहून एक काम अंगावर घेतलं. आमच्या भागातल्या मराठी घरांत मुलांकडे राहायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांचे टीव्ही त्या बघून देत. चित्राचे चौकोन होतायत, ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, रिमोटचं भलतंच काही दाबलं गेलंय... की लावा मावशींना फोन. स्वभाव तिखट. "मी येईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही!" हे पहिलं वाक्य, मग "काय झालंय?"

आई गेल्यावर बाबांना मी नागपूरहून आणलं. बाबा भूगोलाचे मास्तर. इथे त्यांना करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी एक काम शोधलं होतं. सकाळी लोकल चॅनलवर हवामान ऐकायचं आणि नात शाळेला निघताना तिला सांगायचं, आज जाड जॅकेट, आज पातळ. सई त्यांना इंग्रजीत उत्तर द्यायची, पण जॅकेट मात्र आजोबांना विचारूनच घालायची.

एका हिवाळ्यात टीव्हीचं चित्र फुटायला लागलं. एका सकाळी बाबा म्हणाले, "आज फिफ्टी आहे, स्वेटर पुरे." प्रत्यक्षात फिफ्टीन फॅरनहाइट होतं, म्हणजे पाणी गोठवणारी थंडी. बसला उशीर झाला आणि सई पातळ स्वेटरवर वीस मिनिटं थंडीत उभी राहिली. संध्याकाळी तिला ताप भरला आणि मी बाबांवर ओरडलो, "तुम्हाला कुणी सांगितलंय हे उद्योग करायला?" बाबा म्हणाले, "काहून ओरडतोस रे? तुझा टीव्हीच धड नाही." आणि जेवता जेवता हळूच, "माझं परतीचं तिकीट बघ..."

दुसऱ्या दिवशी मी मावशींना बोलावलं. तिकिटाचं काही सांगितलं नव्हतं. त्या आल्या, टीव्हीमागे वाकल्या आणि वैतागल्या. "खिडकीतल्या अँटेनापुढे हे लोखंडी कपाट कुणी ठेवलं? तूच ना? इंजिनियर म्हणे!" कपाट सरकवलं, वायर घट्ट बसवली, चॅनल्स पुन्हा शोधायला लावले. चित्र लख्ख झालं. बाबा तरी म्हणाले, "पण आवाज?" मावशींनी आवाजाच्या सगळ्या सेटिंग्ज तपासल्या. मला तर स्वच्छ ऐकू येत होतं. मग त्या बाबांच्या शेजारी, टीव्हीकडे पाठ करून बसल्या आणि ओठ दिसू नयेत म्हणून त्यांनाही टीव्हीकडे पाठ करायला लावली. "दादा, आत्ता ती बाई काय म्हणाली?" बाबांनी भलतंच सांगितलं. दुसऱ्यांदाही भलतंच.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "निखिल, चहा टाक. आलं किसून."

चहा घेऊन मी आलो तेव्हा बाबांच्या तळहातावर शेंगदाण्याएवढं काहीतरी होतं. मावशींच्या कानातलं यंत्र. इतकी वर्षं ओळख असून मला त्याचा पत्ता नव्हता. "सहा वर्षं मी लेकीशी भांडले, की तूच पुटपुटतेस म्हणून," त्या सांगत होत्या. बाबा पहिल्यांदाच हसले.

दारात बूट घालताना मावशी मला म्हणाल्या, "टीव्ही चांगला आहे. त्यांना ऐकू येत नाही आणि ते सांगायची लाज वाटते. तू हट्टीपणा समजलास ना?"

मी त्यांचा कोट पुढे धरला.

"मीही माझ्या सासऱ्यांना हट्टीच समजले होते. कळलं तेव्हा ते नव्हते. तुझे आहेत."

बाबांची तपासणी झाली, यंत्र आलं. त्या दिवशी घरी परतताना गाडीत सई मागे बसून काहीबाही गुणगुणत होती. बाबा मध्येच म्हणाले, "ही गाते? कधीपासून?" तिकिटाचं पुन्हा त्यांनी काढलं नाही. मीही ओरडण्याबद्दल माफी मागितली, फार उशिरा, पण मागितली.

परवा मेधानं घर आवरायला बोलावलं, तेव्हा बाबाही हट्टानं आले. मावशींच्या खोलीतला टीव्ही तिनं लावून पाहिला, तर पडद्याचा खालचा तिसरा हिस्सा पूर्ण काळा. "नवीन घे म्हणून किती मागे लागले," मेधा म्हणाली, "तर म्हणायची, दिसतंय की." संवादांची अक्षरं, म्हणजे सबटायटल्स, एरवी खाली येतात; त्या काळ्या भागात ती दिसली नसती. मावशींनी ती सेटिंगमध्ये जाऊन पडद्याच्या वरच्या कडेला आणून ठेवली होती. मेधा तो टाकून देणार होती. बाबांनी विचारलं, "मी नेऊ का, बेटा?"

आता तो त्यांच्या खोलीत आहे. मी नवा आणू म्हटलं तर म्हणाले, "राहू दे. त्यांनी लावलंय तसंच राहू दे." दुपारी दारातून पाहिलं तर बाबा खुर्चीत ताठ बसलेले असतात आणि हनुवटी थोडी वर करून ती वरची अक्षरं वाचत असतात.